तीन तास वीस मिनिटं

माझं शहर आणि धाकट्या भावाचं शहर हवेतून दोन हजार तीनशे चाळीस किलोमीटर लांब आहेत आणि विमानाला लागतात तीन तास वीस मिनिटं. विमानाच्या तिकिटांच्या ऑफिसात बावीस वर्षं घासून हे मला तोंडपाठ आहे. गिऱ्हाईक खुशीत विचारतं, "म्हणजे साडेतीन तासांत घरी?" तेव्हा माझं डोकं फिरतं. विमानतळावर दोन तास आधी तुमचा काका जाणार का? बॅगेची वाट कोण बघणार? उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत आठ तास धरा, असं मी एकेकाला दटावून सांगते.

आईला मात्र हे कधी सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावाकडे कायमची राहायला जाताना ती रडायला लागली, तेव्हा मीच म्हटलं, "अगं, तीन तास वीस मिनिटं. तुझी दुपारची झोप होईस्तोवर मी दारात." तिने ते मनात पक्कं धरलं.

मंगळवारी अकराला भावाने ऑफिसच्या फोनवर फोन केला. आईचं दुखणं हाडांत पोचलं होतं. नर्सबाई घरी येऊन इंजेक्शन देत, मग ती गुंगीत पडून राही.

"ताई, तिचं काही खरं नाही. बोल तिच्याशी," असं म्हणून त्याने फोन तिच्या कानाशी धरला.

समोर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. मी औषध घे, पाणी पी असलं काहीबाही बोलले आणि फोन ठेवताना म्हटलं, "बरं आई, येते."

'जाते' म्हणायचं नाही, हे तिनेच शिकवलेलं. कोपऱ्यावर भाजी आणायला निघालेली बाईसुद्धा 'येते' म्हणते. मला जायचं होतंच, पण त्या दिवशी नव्हे.

पाचला ड्रॉवरमधून मोबाइल काढला तर भावाचे सहा फोन येऊन गेलेले. मी लगेच लावला.

"उतरलीस?" त्याने विचारलं.

"कुठून? मी ऑफिसात आहे."



"आई गेली, ताई. साडेचारला." मग त्याचा आवाज चढला. "तू येते म्हणालीस ना? ती म्हणाली, पोरगी निघाली. इंजेक्शन घेईना. झोप लागली तर तू आलेली कळणार नाही म्हणे. उशीत तोंड खुपसून ओरडत होती, पण नर्सबाईंना हात लावू देईना."

"अरे, फोन ठेवताना म्हणतातच की..."

"दोन वीसला म्हणाली, तीन तास वीस मिनिटं झाली, दार उघडून ठेव. तुझा फोन लागूनही तू उचलेनास. मी म्हटलं, विमानाला उशीर झाला असेल. तर म्हणाली, मग थांबू अजून थोडं."

समोरची खुर्ची रिकामी होती, तरी मी तिच्याकडेच बघत राहिले.

"मग येणार कधी होतीस?" त्याने विचारलं.

"शनिवारी."

तेही खोटं. तिकीट मी काढलंच नव्हतं. महिनाभर त्याच शहराची तिकिटं लोकांना काढून देत होते आणि स्वतःला आज नको, उद्या बघू म्हणत होते. आईला तडफडताना बघायची मला भीती वाटत होती.