रेषेच्या अलीकडे थांबायचं नाही

पळण्याची शिक्षा काही आमच्या हेडमास्तरांनी शोधून काढली नाही. ती त्यांच्या आधीही प्रत्येक मैदानावर होतीच. उशीर झाला, पळ. पास चुकला, पळ. तोंड वर करून बोललास, पळ. हेडमास्तरांनी त्यात फक्त एका खुर्चीची भर घातली.

हेडमास्तर म्हणजे आमचे नवे प्रशिक्षक. तोंडावर 'सर', पाठ फिरली की हेडमास्तर. आमचा फुटबॉल क्लब हंगामाच्या सुरुवातीपासून तळाशी रुतून बसला होता, तेव्हा मालकांनी त्यांना आणलं. पहिल्याच दिवशी त्यांनी कँटीनमधली पांढरी प्लास्टिकची खुर्ची उचलली, मैदानाच्या मधोमध ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "यापुढे जो चुकेल तो पळणार नाही. तो इथं बसेल. बाकीचे पळतील."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण गंमत पुढे होती. खुर्चीत बसणाऱ्याच्या हातात एक शिट्टी द्यायची. आपल्या चुकीची पुरती भरपाई झाली असं त्याला स्वतःला वाटलं की त्यानं ती वाजवायची. कोणी मध्येच थांबलं किंवा चालायला लागलं, तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून पळायचं.

पहिला बसला आमचा डावरा. डाव्या पायानं खेळतो म्हणून डावरा. मनानं मऊ. मित्र धापा टाकताना बघवेनात, म्हणून त्यानं लवकर शिट्टी फुंकली. सर त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "इतकी स्वस्त होती का तुझी चूक?" आणि सगळ्यांना पुन्हा पळायला लावलं. त्या संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत शिव्यांचा पाऊस पडला, पण सगळा डावऱ्यावर. सरांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा माणूस हुशार आहे, आणि धोक्याचाही.

मी गोलकीपर. संघात सगळ्यात म्हातारा, तोंडानं सगळ्यात फाटका. माझं म्हणणं मी तेव्हाच बोलून दाखवलं होतं. पळणं हा आमचा धंदा आहे. सुताराला शिक्षा म्हणून रंधा मारायला लावलात, तर उद्या तो रंध्याकडे कोणत्या तोंडानं बघेल? ज्याच्यावर पोट चालतं त्याचीच शिक्षा केली, तर माणूस एक तर कामाचा तिरस्कार करायला लागतो, नाही तर शिक्षेवर प्रेम. कप्तान हसला आणि म्हणाला, "तुमचं काय जातंय बोलायला, तुम्ही तर उभ्या उभ्या पगार घेता."

आणि आम्ही जिंकायला लागलो. एक सामना, मग दुसरा, मग तिसरा. शेवटच्या मिनिटांत समोरचे कंबरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि आमची पोरं पळतच असायची. जिंकणाऱ्याला कोण विचारतं? मालकांनी खुर्चीसोबत फोटो काढून घेतला. माझ्या रंध्याचं उदाहरण माझ्याच घशात गेलं.

मग एक दिवस सरांनी परीक्षा घेतली. फेरी अर्ध्यावर असताना त्यांनी स्वतःच शिट्टी वाजवली. जे थांबले त्यांना म्हणाले, "शिट्टी वाजली. मी थांबा म्हटलं का?" पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर कप्तानानं खोलीचं दार लावून घेतलं आणि आमचा आमचा एक कायदा केला. कप्तान देवमाणूस आहे. पण देवमाणसाच्या हाती नियम दिला की तो सैतानापेक्षा कडक पाळतो. त्यानं सांगितलं, "शिट्टी कोणाचीही वाजू दे, कोणी थांबा म्हणून ओरडू दे, आपल्याला फसायचं नाही. जिथून निघतो ती चुन्याची रेषा परत ओलांडल्याशिवाय कोणी थांबायचं नाही. एखादा ढिला पडला तर दोघांनी दोन्हीकडून काखेत हात घालायचा आणि त्याला आणायचं. आपण आपल्या माणसाला मागं टाकत नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही ते ऐकून बरं वाटलं. डावऱ्याच्या डोळ्यांत तर पाणी आलं, कारण कित्येक दिवसांनी कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

आता बारक्याबद्दल सांगायला हवं. बारक्या माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आमच्याच घरी राहायचा. अंगानं काडी, पण चेंडू पायाशी आला की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. त्याला हंगामापुरता तात्पुरता घेतला होता आणि रविवारच्या सामन्यानंतर त्याला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. तो मला 'भाऊजी' म्हणतो म्हणून अख्खा संघ मला भाऊजी म्हणायला लागला. मी म्हणायचो, एवढ्या मेहुण्यांना जेवायला घातलं तर माझं दिवाळं निघेल.

त्या रविवारच्या आधी एक दिवस सकाळी बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"अहो, याचं अंग तापलंय. आज याला पळायला लावू नका म्हणून सांगा तुमच्या सरांना."

"सांगतो," मी म्हणालो.

"ताई, काही होत नाही मला," बारक्या बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला. "असं काही सांगितलं की रविवारी बाहेर बसवतील. मग वर्षभर खाऊ घाल घरात बसवून."

"रविवार पुढच्या आठवड्यातही येतो," ती म्हणाली. मग माझ्या मागोमाग दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "माझ्या आईनं त्याला तुमच्या भरवशावर पाठवलंय."

तो क्लबच्या गाडीनं पुढे गेला. मी वाटेत औषधाच्या दुकानात थांबलो, तापाच्या गोळ्या घेतल्या. दुकानात गर्दी होती. दुकानदार प्रत्येकाला गोळी जेवणाआधी की नंतर ते नीट समजावून सांगत होता. मी मैदानावर पोहोचलो तेव्हा दुपारचं ऊन डोक्यावर होतं, संघ रेषेवर उभा होता आणि सर माझीच वाट बघत होते. रविवारचा सामना दुपारचा, म्हणून त्यांनी सरावही दुपारी आणला होता.

ते रागावले नाहीत. फक्त खुर्चीकडे बोट दाखवलं.

"सर," मी म्हणालो, "उशीर माझा झालाय. मी एकटा पळतो, तुम्ही म्हणाल तितकं. आणि बारक्याला आज सोडा. त्याच्या अंगात ताप आहे."

"ताप आहे?" त्यांनी बारक्याकडे वळून विचारलं. आवाज अगदी प्रेमाचा. "ताप आहे का रे तुला?"

बारक्या कप्तानाच्या शेजारी उभा होता. त्याचे गाल लाल झाले होते. "नाही सर. भाऊजींना उगाच काळजी."

आमची फिजिओ, म्हणजे दुखापती बघणारी बाई, बाकावरून अर्धवट उठली. "मी एकदा बघू का सर?"

"तो नाही म्हणतोय ना," सर म्हणाले. "मोठा माणूस आहे तो. त्याचा अपमान करू नका."

ती परत बसली. मी तिला दोष देत नाही. त्या मैदानावर तोपर्यंत कोणी कोणाचं काही थांबवलं नव्हतं.

मी खुर्चीत बसलो. प्लास्टिक तव्यासारखं तापलेलं होतं. संघ निघाला. मी पहिल्याच फेरीला शिट्टी फुंकली. म्हटलं, होऊ दे माझा डावरा. शिव्या खायला मी समर्थ आहे. पोरं कायद्याप्रमाणे रेषेपर्यंत आली आणि थांबली. सर माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

"मेहुण्यासाठी वाजवलीत," ते म्हणाले. "मग बाकीच्यांनी कोणासाठी पळायचं? पुन्हा सुरू करा रे." आणि मला हळूच म्हणाले, "आता परत लवकर वाजवाल, तर परत सुरू. त्याला किती पळवायचं ते तुमच्या हातात आहे."

म्हणजे वाजवली तरी पंचाईत, न वाजवली तरी पंचाईत. मी शिट्टी दातांत धरून बसलो आणि बघत राहिलो. गोलकीपरचं आयुष्य पाय बघण्यात जातं. चेहरा थाप मारतो, पाय मारत नाहीत. बारक्याचे पाय सुरुवातीला ठीक होते. मग टाच आधी टेकायला लागली. मग उजवं पाऊल आतल्या बाजूला वळायला लागलं. तो माझ्या समोरून गेला तेव्हा मी त्याच्या बनियनकडे पाहिलं. बाकी सगळ्यांचे बनियन अंगाला चिकटलेले, घामानं काळपट. त्याचा कोरडा पडला होता. तो हसत होता, पण कोणाकडे बघून ते कळत नव्हतं.

मी शिट्टी फुंकली. जीव खाऊन फुंकली. पोरं पलीकडच्या बाजूला होती आणि ती थांबली नाहीत.

मी उभा राहून ओरडलो, "थांबा, त्याला खाली बसवा." बारक्या एकदा डावीकडे झुकला. कप्तान आणि डावरा लगेच दोन्ही बाजूंनी आले, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून घेतलं. मागून कोणीतरी म्हणालं, "शाबास, सोडू नका." त्यांच्या पावलांचा ताल बदललासुद्धा नाही.

"बघितलंत?" सर माझ्या शेजारून म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "मी आलो तेव्हा हे एकमेकांना पाणीसुद्धा विचारत नव्हते."

"सर, त्याचे पाय बघा."

त्यांनी पाहिलं. बारक्याचे पाय आता चालत नव्हते. बुटांची टोकं गवतातून घासत येत होती आणि मान छातीवर पडली होती. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली. पुन्हा वाजवली. मग ती काढून ओरडले, "थांबा. मी सांगतोय, थांबा."

कोणी थांबलं नाही. परीक्षा अशीच असते, हे त्यांनीच शिकवलं होतं.

मी धावत जाऊन पोरांच्या वाटेत हात पसरून उभा राहिलो. मला वाटलं होतं, समोर माणूस आला की थांबतील. कप्तानानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, उलट तो मला धीर देत होता. "बाजूला व्हा भाऊजी, थोडंच राहिलंय. आणतो आम्ही त्याला." घोळका माझ्या दोन्ही बाजूंनी फुटला आणि पुढे जाऊन परत जुळला. मी बारक्याच्या बनियनला हात घातला तर डावऱ्यानं माझा हात झटकला. मऊ मनाच्या त्या पोरात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक.

त्यांनी त्याला रेषेपर्यंत आणलं. रेषा ओलांडून आणलं, अगदी दोन्ही पाय पलीकडे जातील असं, आणि मग तान्ह्या मुलाला ठेवावं तसं हळूच खाली ठेवलं. कप्तान ताठ झाला. त्याची छाती भात्यासारखी हलत होती.

"सर," तो म्हणाला, "कोणीही थांबलं नाही."

फिजिओ तोवर गुडघ्यांवर बसली होती. तिनं बारक्याच्या मानेला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. "बर्फ आणा. पाणी आणा. लवकर. कोणीतरी रुग्णवाहिका बोलवा," ती म्हणाली.

सगळे सरांकडे बघायला लागले. एवढी तरणीताठी पोरं, कोणाचीही मांडी थरथरत नव्हती, आणि एकानंही पाऊल उचललं नाही. सर हातातल्या शिट्टीकडे बघत होते. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. मला भीती वाटली. त्यांची नाही, रेषेवर उभ्या असलेल्या माझ्या सगळ्या मेहुण्यांची.

बर्फाची पेटी कँटीनमध्ये असते. मी पळत सुटलो आणि पळता पळताच रुग्णवाहिकेला फोन केला. माझे गुडघे कधीच गेलेत. कँटीनच्या पायरीवर मी आपटलो, उठलो, पेटी छातीशी धरली आणि परत पळालो. पळताना मी बायकोला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात तो जिवंत होता.

मी रेषेपाशी पोहोचलो तेव्हा फिजिओ घाई करत नव्हती. तिनं बाकावरचा टॉवेल त्याच्या तोंडावरून पांघरला होता आणि ती त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत होती. तिनं मान वर करून सरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं, कारण तिथं त्याचं म्हणावं असं माणूस मीच होतो.

मागे संघ अजून रांगेत उभा होता. उन्हात, गुडघ्यांवर हातसुद्धा न टेकता. बसा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.