शेवटचा दाणा

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे त्या दिवशी बापाला घरात थारा नाही. जयवंताबाईनं नवऱ्याला अंगणात हाकललं. "नर्सबाईच्या पायात पायात येऊ नका. बसा तिकडं." इंद्रभान बसला, उठला, पुन्हा बसला. शेवटी त्यानं घंगाळभर पाणी घेतलं आणि मासे धरायची दोरी काढली.

गोदावरीवर जायच्या आधी तो घरीच वजन जुळवायचा. दोरीला ज्वारीच्या वाळल्या धाटाचा तुकडा आणि त्याखाली दातानं दाबून बसवलेले शिशाचे दाणे. दाणे कमी पडले की धाट आडवं लोळतं, जास्त झाले की बुडतं. नुसतं टोक पाण्यावर राहिलं, तरच मासा तोंड लावल्याचं कळतं. एरवी हे चुटकीसरशी व्हायचं. आज जमेल तर शपथ! दाणा लावला, काढला, पुन्हा लावला. आत लेक कण्हली की हात थांबायचा.

"शिसं दातात धरू नका, किती डाव सांगू?" आतून जयवंताबाई ओरडली. तिला दिसत नव्हतं, पण नवरा ठाऊक होता.

धाटाला आता एकच दाणा हवा होता. इंद्रभाननं तो दातांत धरला. तेवढ्यात आतलं कण्हणं थांबलं. सगळं गप्प. आणि मग एकदम कोवळं, संतापलेलं रडू उठलं.

जयवंताबाई दारात आली. "नात झाली! अवं, असं काय बघून राह्यले? बोला की!"

घंगाळात धाट अजून आडवंच लोळत होतं. इंद्रभाननं गळ्यावरून हात फिरवला.

"दाणा गिळला," तो म्हणाला.