शेवटचा पाणवठा

"टँकर वळवा म्हणतोय ना! कान गहाण टाकलेत का, मामा?" वनखात्याचे साहेब जीपमधूनच ओरडले.

अभयारण्यातला तो शेवटचा पाणवठा. त्यात आता नुसता चिखल उरला होता, आणि पलीकडे झाडीत एक सांबरीण पिल्लाला घेऊन ताटकळत होती.

"साहेब, हे पाणी जनावरांचं," मामा टँकरच्या चाकावरून म्हणाले.

"त्यांच्यासाठी उद्या आणा. विश्रामगृहाची हिरवळ वाळलीय, सकाळी पाहुणे येतायत."

"तहानेला उद्या कळत नाही, साहेब."

"कंत्राटी आहेस तू, विसरू नकोस!" 'मामा'वरून साहेब थेट 'तू'वर घसरले.

मामांना राग आला, खोटं कशाला सांगायचं. पण घरून निघताना बायकोने बजावलं होतं, "तोंडाला कुलूप लावा. या वयात दुसरं कोण तुम्हाला चाकावर बसवणार?" म्हणून ते गप्प राहिले आणि गाडी मागे घेऊ लागले. आलं वठणीवर म्हातारं, असं वाटून साहेबांनी सिगारेट पेटवली.

मामा टँकर मागे घेत राहिले, तो थेट पाणवठ्याच्या काठापर्यंत. मग खाली उतरून त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. त्याची मूठ केव्हाच तुटली होती, पान्याशिवाय तो फिरत नसे. तो पाना मामांनी चिखलात भिरकावला.

"बंद कर ते!"

"पाना तिथं आहे. काढा तुम्ही."

साहेबांनी चिखलाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. जागचे काही ते हलले नाहीत. पाणी धो धो पडत राहिलं.

"किल्ली ठेव आणि चालता हो. उद्यापासून फाटकाच्या आत दिसायचं नाही."

मामांनी किल्ली जीपवर ठेवली आणि ते पायी निघाले.

मामा चालत आलेले पाहून बायको काय ते समजली. तिने बोल बोल बोलून घेतलं, मामांनी पाणवठ्यावरचं सगळं सांगितलं. मग दमून ती म्हणाली, "प्यायली का पण जनावरं?"

"मी वळलो तेव्हा पिल्लू पुढं आलं होतं."

"आणि परवा? परवा कोण घालणार त्यांना पाणी?"

मामा दारात टेकले.

"सकाळी फाटकावर जातो," ते म्हणाले. "आत नाही, बाहेरच उभा राहीन. पाहुण्यांची गाडी अडवून त्यांनाच विचारतो, हिरवळ बघायला आलात की जनावरं?"

बायकोने दोरीवरचा त्यांचा खाकी सदरा काढला, घडी केली आणि परत द्यायच्या सामानात ठेवला. मग कपाटातून त्यांचा स्वतःचा पांढरा शर्ट काढून ती इस्त्री करायला बसली.