घुमटातला बाऊ

परमुलखातलं ते जुनं शहर, सगळं दगडी गल्ल्यांचं, आणि गल्ल्यांच्या पोटात एक घुमट. कितीतरी वर्षं बाई तो फळ्यावर खडूने काढत आल्या होत्या. इमारतींचं रेखाटन शिकवायच्या त्या. "याच्याखाली नुसतं कुजबुजा, आवाज फिरून तुमच्याच कानाशी येईल," असं पोरांना सांगताना दरवर्षी त्यांच्याच अंगावर काटा यायचा. घुमट मात्र पाहिलेला नव्हता. आज पाहायचा होता. उद्या पहाटे परतीचं विमान.

आणि भिंगरी दारासमोर फतकल मारून बसली होती.

चूक बाईंचीच. काल संध्याकाळी पोचेस्तोवर दार बंद झालेलं, आणि ही दोन वर्षांची लेक हात सोडवून, भर चौकातल्या गाड्यांमधून त्या दाराकडेच सुटली. "नको गं, आत बाऊ आहे," बाई ओरडल्या. लेक थबकली. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण एका रात्रीत बाऊ चांगला घुमटाएवढा झाला.

"बाऊ गावाला गेला," बाबांनी सांगून पाहिलं.

"नाही. आत आहे."

बिस्किट झालं, फुगा झाला, बाबांच्या पाठीचा घोडा झाला. त्यात दारवान बिचारा हसत हसत दार आणखी उघडायला गेला, तर ते असं करकरलं की उरलीसुरली शंकाही फिटली.

"तू जा, मी धरतो हिला," बाबा म्हणाले. "बंद करतील आता."

"रडून रडून काळीनिळी होईल रे."

"पोरं रडतातच. तू उगाच बाऊ करतेस."

शब्द निसटला आणि बाबांनी जीभ चावली.

"आई बाऊ कलते?" भिंगरीचे डोळे वाटीएवढे झाले.

बाईंनी लेकीची मूठ ओढणीतून एकेक बोट करून सोडवली आणि पाठ फिरवली.

आत गार काळोख होता, पायाखाली गुळगुळीत फरशी. अजून थोडं पुढे, की मधोमध. मान वर करणार, तेवढ्यात दारातून लेकीची हाक आली, "आई, बाऊ खाईल." हाक वर गेली, गोल फिरली आणि उतरली. आईऽ, खाईल. आईऽ, खाईल. या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून, थेट कानाशी. वर्षानुवर्षं पोरांना सांगितलेलं सगळं अगदी खरं होतं.

बाईंची मान वर झालीच नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा भिंगरीचे हुंदके ओसरत नव्हते. तरी तिने आधी आईचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. बोटं होती सगळी. मग त्यांच्यावर फुंकर घातली.

"बाऊ होता?"

"होता."

"काय म्हणाला?"

"आई म्हणाला."

भिंगरी विचारात पडली. मागे दार करकरत लागलं. ती आईच्या गळ्याला बिलगली आणि खांद्यावरून त्या बंद दाराकडे पाहत हळूच म्हणाली, "त्याची आई कुठेय?"