तांब्याची गॅस्केट

"थोरलो हातात पानो घेऊन आसलो की त्याच्या पाठी उभी रव नको गो," शेजारच्या मालनकाकूंनी मला सांगितलं होतं. मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत नुकतीच आले होते. मला वाटलं, गॅरेजवाल्यांच्या घरात नव्या सुनेला देतात तसली सूचना असेल. पाना निसटतो, लागतो. मी हसून म्हटलं, काकू, मी कॉमर्सची, माझा गॅरेजशी काय संबंध. काकू हसल्या नाहीत. लसूण सोलत राहिल्या.

थोरला म्हणजे माझे दीर, निलेशभावजी. माझगावला, बंदराच्या मागच्या गल्लीत त्यांचा गाळा आहे. माझा नवरा वैभव त्यांच्याहून लहान. तो मेकॅनिकल शिकला, लोअर परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर पंपांची डिझाइनं करतो, पण सुट्टीच्या दिवशी दादाच्या गाळ्यावर गेल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. आणि श्रेयाताई, भावजींची बायको, माझी मोठी जाऊ. माझ्या बाळंतपणात मनवाला पहिली आंघोळ तिने घातली. मी पाण्याच्या तापमानावरून तिला इतकं भंडावून सोडलं की ती म्हणाली, "वैदेही, तूच बस परातीत, तुला घालते." ती अशी होती. आहे, असं लिहायला हवं.

गेल्या वर्षी भावजींनी एक जुनी एस्टीम गाडी घेतली आणि तिच्यात टर्बो बसवायचं ठरवलं. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने जास्त हवा कोंबायची. वैभवने मला समजावलं होतं की मग सिलिंडरमधला प्रत्येक स्फोट आधीपेक्षा कितीतरी जोराचा होतो आणि कंपनीने दिलेले आतले भाग तो मार सोसत नाहीत. म्हणून इंजिन उघडून क्रँकशाफ्ट, पिस्टन, हेड गॅस्केट, सगळं नव्याने निवडायचं. गाळ्यावर चोऱ्या होतात म्हणून सुटे भाग आमच्या घरी आले. दोन खोल्या, त्यात आम्ही पाच माणसं, आणि खाटेखाली तेल लावून कागदात गुंडाळलेलं लोखंड. मनवा तेव्हा रांगत होती. पिस्टनची एक बारकी क्लिप तिच्या तोंडातून मी बोट घालून काढली, त्या दिवसापासून मी रोज सकाळी फरशी हाताने चाचपायची.

पहिलं भांडण क्रँकशाफ्टवरून झालं. सगळ्या पिस्टनांचा जोर ज्यावर येतो तो हा मधला वाकडातिकडा दांडा. भावजींनी भंगारातून एक जुना आणून घासून चकचकीत केला होता. वैभव म्हणत होता की हा ओतीव आहे, आपल्याला ठोकून घडवलेला, फोर्ज्ड, हवा. भावजी म्हणाले, "पुस्तकं वाचून गाड्या पळत नाहीत, साहेब." वैभव चिडला. त्याने दांडा रॉकेलने पुसला, कोरडा केला आणि श्रेयाताईला म्हणाला, "वहिनी, जरा खडू दे." तिने रांगोळीच्या डब्यातला खडू दिला. त्याने खडूची पूड दांड्यावर चोळली, आणि थोड्या वेळाने पांढऱ्यावर केसासारखी एक ओली रेघ उमटली. तडा होता. आत शिरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं.

श्रेयाताईला हसू आलं. म्हणाली, "अगंबाई, एवढा दणकट दिसतो आणि आतून गेलेला."

भावजी दांडा बाजूला सारून उठले. फोर्ज्ड क्रँक मागवायला हो म्हणाले. वैभव कौतुक झाल्यासारखा ऑफिसला गेला. मी मनवाला दूध पाजत आतल्या खोलीत बसले होते, आणि बाहेरून असा आवाज आला की ओलं फडकं फरशीवर आपटावं. बाहेर आले तर श्रेयाताई मोरीच्या कट्ट्याला धरून उभी, डाव्या कानावर हात. भावजी चपला घालत होते. मला म्हणाले, "हिला चक्कर आली, जरा साखर दे."

मी साखर दिली. ती तोंडात धरून ताई मला म्हणाली की वैभवभावजींना काही सांगू नकोस, उगाच दोघा भावांत वितुष्ट. त्या कानाने तिला अजून कमी ऐकू येतं.

पिस्टनच्या वेळी मी घरातच होते, लक्ष ठेवून. फोर्ज्ड पिस्टन तापला की जास्त फुगतो, म्हणून त्याच्याभोवती जागा जास्त सोडावी लागते, आणि मग इंजिन थंड असताना तो टकटक वाजतो. वैभव म्हणाला, वाजू दे, तापलं की थांबेल. भावजींचं म्हणणं, टकटक वाजणारं इंजिन माझ्या गाळ्यातून बाहेर गेलं तर अख्खी गल्ली हसेल, सिलिंडर पिस्टनला घट्ट बसेल असाच घासायचा. वैभवने कागदावर आकडे काढून दाखवले. घट्ट ठेवलास तर पहिल्याच तापात पिस्टन अडकेल, दादा. त्याचा आवाज मवाळ होता, पण तो बरोबर होता आणि ते दोघांनाही कळत होतं.

भावजींनी हातातला पिस्टन फेकला. वैभववर नाही. तो पाळण्याच्या वर भिंतीत बसला, पोपडे मनवाच्या दुपट्यावर पडले. पाळणा रिकामा होता, मनवा माझ्या कडेवर होती.  मी तिचं डोकं माझ्या मानेत दाबून धरलं, इतकं की ती रडायला लागली.

वैभव मग भावाच्या अंगावर धावून गेला. भावजींनी त्याला कोपराने बाजूला सारलं, स्वयंपाकघरात गेले, आणि श्रेयाताईच्या पाठीत लाथ घातली. ती पोळ्या करत होती. तिचा पंजा तव्यावर टेकला. या भांडणात तिने एक शब्दही उच्चारला नव्हता.

तेव्हा वैभवला समजलं, आणि मला जे माहीत होतं ते मी त्याला त्याच दुपारी खाली नाक्यावर नेऊन सांगितलं. भावजी भावाशी हरले की मार तिला पडतो. मी म्हटलं, तिला इथून काढू. वैभव ताईशी बोलला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, माहेरी आई एकटी, तिचं ब्लडप्रेशर. आणि हे गाडीचं खूळ एकदा संपलं की हे शांत होतील. हे वाक्य ती इतक्या खात्रीने म्हणाली की आम्हीही त्याला धरून बसलो. वैभवने ठरवलं, आता दादाशी वाद नाही.

म्हणून हेड गॅस्केट कुठली, ते श्रेयाताईच्या अंगाकडे बघून ठरलं.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं झाकण यांच्या मधला पातळ पत्रा. आत जाळ, बाजूने पाणी, आणि दोघांना वेगळं ठेवायला तेवढाच आडोसा. वैभवला स्टीलच्या थरांची हवी होती. एकदा कसली की झालं. भावजींना तांब्याची. त्यांच्या उस्तादाने तांब्याचीच वापरली होती, ती स्वतः कापता येते, लाल तापवून पाण्यात बुडवली की मऊ होते. वैभवने "बरं" म्हटलं. फक्त एवढंच म्हणाला की तांबं दबतं, म्हणून इंजिन पहिल्यांदा तापवून पूर्ण थंड झालं की हेडचे, म्हणजे त्या झाकणाचे, बोल्ट क्रमाने परत कसावे लागतील, टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवतो त्या पान्याने. ते केल्याशिवाय गाडी पळवायची नाही, नाहीतर जाळ पाण्यात शिरेल. भावजी म्हणाले, "मला शिकवतोस?" पण हसून म्हणाले. त्या आठवड्यात घरात कोणी कोणाला हात लावला नाही. श्रेयाताईने घावणे केले.

इंजिन खंडेनवमीच्या सकाळी पहिल्यांदा सुरू झालं. गाळ्यावर आम्ही सगळे होतो. टकटक वाजलं, मग तापलं आणि गप्प झालं. भावजींनी वैभवच्या पाठीवर थाप मारली. थंड व्हायला वेळ लागणार होता, म्हणून वैभव मला आणि मनवाला घेऊन डॉक्टरकडे गेला, तिला सर्दी होती.

आम्ही परत आलो तर पूजा मांडून झाली होती. आमच्या सासऱ्यांपासून, अप्पांपासून चालत आलेली पद्धत. अप्पा गिरणीत फिटर होते. खंडेनवमीला हत्यारं धुऊन, हळदकुंकू वाहून मांडायची. मग दसऱ्याला दुपारचा मुहूर्त झाल्याशिवाय त्यातलं एकही उचलायचं नाही. अप्पांच्या खात्यात कोणी पूजेतला हातोडा उचलला आणि त्याच दिवशी त्याची बोटं पट्ट्यात गेली, ही गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ आहे. पाटावर पाने, हातोडे, पक्कडी, आणि अगदी मधे झेंडूखाली टॉर्क पाना. कुंकू भावजींच्या अंगठ्याला लागलेलं होतं. मी ते बघितलं.

वैभव म्हणाला, "दादा, बोल्ट राहिलेत. एक फेरी मारू दे, मग परत ठेवू."

"पूजेतलं हत्यार उठवायचं नाही."

श्रेयाताई हळूच म्हणाली, बाजूच्या गाळ्यातून त्यांचा मागून आणू का. भावजींनी तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "माझ्या इंजिनाला परक्याचा पाना?" वैभवने तोंड उघडलं होतं. त्यानेही तिच्याकडे पाहिलं, आणि मिटलं. दुपारी मुहूर्तानंतर कसू, असं ठरलं.

पण दसऱ्याला सकाळी बंदराकडचा सरळ रस्ता रिकामा असतो. ट्रक नाहीत, कामगार नाहीत. हत्यार उचलायचं नसतं, पण गाडी दसऱ्याला चालवायचीच असते. भावजींनी हार घातलेली एस्टीम बाहेर काढली, वैभवला शेजारी बसवलं. तो का बसला हे मी त्याला विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं. श्रेयाताई आणि मी फूटपाथवर उभ्या होतो, मनवा माझ्या कडेवर, तिच्या कानांवर माझा हात.

गाडी आमच्यासमोरून गेली तेव्हा मनवा दचकली, एवढा तो आवाज. मग पुढे एक चपटा स्फोट ऐकू आला आणि बॉनेटखालून पांढरी वाफ उसळली. गाडी थांबली. आम्ही धावलो. भावजी सीटवरूनच पुन्हा पुन्हा चावी फिरवत होते. वैभवने उतरून बॉनेट उचललं, आधाराच्या काडीवर टेकवलं आणि आत वाकला; तेवढ्यात पाण्याचा पाइप फाटला. उकळतं पाणी त्याच्या हातावर, मानेवर. तो किंचाळला, तो आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. श्रेयाताईने एका हाताने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. दुसरा हात तिने तोल सावरायला गाडीच्या पुढच्या कडेवर टेकला होता.

भावजी उतरून आले. भाऊ रस्त्यावर गडबडा लोळत होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तिला विचारलं, "पाना पूजेत कोणी ठेवला?"

ती म्हणाली, "तुम्हीच."

त्यांनी काडी काढली आणि दोन्ही हातांनी बॉनेट खाली आदळलं. तिचा हात तिथेच होता. मग त्यावर ते आपल्या वजनाने रेलले. मी मनवाला फूटपाथवर ठेवलं आणि त्यांच्या दंडाला चावले. तोंडात ऑइल आणि रक्ताची चव आली. त्यांनी मला झटकलं, माझं डोकं मडगार्डवर आपटलं. मनवा एकटीच बसून रडत होती. तोवर बंदराचे दोन वॉचमन धावत आले.

हॉस्पिटलात भावजींनी सांगितलं, काडी सरकली. डॉक्टरांनी श्रेयाताईला विचारलं. भावजी पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. ती म्हणाली, हो, सरकली. मी म्हटलं, नाही, मी बघितलंय. ती म्हणाली, वैदेही घाबरली होती, तिला नीट दिसलं नाही.

त्यानंतर भावजींनी तिला चाळीत आणलंच नाही. गाळ्यावर पोटमाळा आहे, तिथे ठेवलंय. आम्ही तिघं ठाकूरद्वारला माझ्या आईकडे आहोत, वैभवच्या मानेवर अजून पट्ट्या आहेत. फोन लावला तर भावजी उचलतात. मी एकदा मालनकाकूंना घेऊन गेले. शटर अर्धं खाली होतं. भावजी म्हणाले, ती माहेरी गेली, कणकवलीला. मी तिच्या आईला फोन केला. आई म्हणाली, इथे कुठे, आणि रडायला लागली. मग पोलीस चौकीतल्या एक बाई माझ्याबरोबर आल्या. ताई शिडीवरून अर्धी दिसली. उजवा हात पदराखाली. भावजी शिडीला टेकून उभे. ती म्हणाली, मी बरी आहे. बाईंनी मला सांगितलं की ती बोलायला तयार झाली तर त्या लगेच येतील. आता मी त्या गल्लीत दिसले की शटर पूर्ण खाली येतं, आणि दुसऱ्या दिवशी तिचं काय होत असेल, या विचाराने मी जात नाही.

तुम्हाला भावजी ओळखत नाहीत. म्हणून हे लिहिते आहे. माझगावला बंदराच्या मागच्या गल्लीत, हार सुकलेली पांढरी एस्टीम जिथे उभी आहे, तो गाळा. दोघांनी जा, त्यात एक बाई हवी. हेड गॅस्केट गेलीय म्हणा, तांब्याची बसवायची का विचारा. त्यांना त्यावर बोलायला आवडतं, हातवारे करत गाडीपर्यंत येतात. तेवढ्यात बाईने पाणी मागायच्या निमित्ताने पोटमाळ्याची शिडी चढावी. ताईच्या उजव्या बाजूने बोला, डावा कान अधू आहे. ती हसून बरी आहे म्हणेल. तेवढ्यावर खाली उतरू नका. तिचा पदर बाजूला करायला सांगा, हात बघा, मूठ मिटते का विचारा. आणि कशी आहे ते मला कळवा.