बंद डब्यातला खाऊ

आश्विन आला. धुतल्या आभाळाचा, निळ्या-निवळ दिशांचा, शेवंतीच्या पिवळ्याधमक गंधाचा आश्विन. पुण्याच्या वसतिगृहाच्या गच्चीवर सांज केशर सांडत होती, आणि त्या केशरात अकोटची कांचन मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन एकटीच बसली होती.

डबा धाडला होता रुक्मानं. बाळपणाची जिवलग, आता गावीच राहिलेली रुक्मा. तिकडे या दिवसांत भुलाबाई बसते. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरापुढे मुली गाणी गातात, मग बंद डबा खुळखुळवतात आणि नुसत्या नादावरून आतला खाऊ ओळखतात. रुक्माचा कान असा तिखट, की ती कधी म्हणून हरली नाही.

कॉलेज सुरू होऊन महिने लोटले, पण कांचन तोंडाला कुलूप लावून होती. नवी मैत्रीण केली तर रुक्माची जागा जाईल, ही तिची वेडी भीती. वेडीच, पण खरी.

फोन वाजला.

“उघडला का वं डबा?”

“नाही. ओळखाले कोनी नाही इथं.”

“मंग धुंड ना कोनी! एकटीनं मांडीवर घेऊन बसाले धाडला का मी?”

कांचनला रडूच कोसळलं. जिची जागा राखायची, तीच दुसरीला हाक मार म्हणत होती.

कठड्याशी शेजारच्या खोलीतली तसनीम उभी होती, तासगावची. कांचननं डोळे पुसले, तिच्यापुढे जाऊन डबा हलवला. खुळ्‌ खुळ्‌ खुळ्‌.

“आत काय आहे, ओळख.”

तसनीमनं गंभीरपणे कान लावला. “बटणं हायत काय गं?”

कांचन हसली. पोट धरधरून, कितीतरी दिवसांनी हसली. चंद्र वर येईतो दोघींनी मिळून गुळाचे फुटाणे संपवले.

दिवाळीला तोच डबा कांचनबरोबर गावी गेला, तसनीमच्या हातानं भरलेला. रुक्मानं कानाशी धरला, डोळे मिटले. हलवला. पुन्हा हलवला. कितीतरी वेळ अंगणात तो मऊ, अनोळखी नाद घुमत राहिला.

“हरली वं मी,” ती म्हणाली.

झाकण उघडलं. सोनहिरवे, मधाळ बेदाणे. रुक्मानं एक तोंडात टाकला, सावकाश चघळला.

“गोड हाय तुही मैत्रीण.”

बेदाणे संपल्यावर तिनं रिकामा डबा घासला, विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. कार्तिकाच्या कोवळ्या उन्हात तो वाळत राहिला, पुन्हा भरण्यासाठी.