अर्जासोबतचं पत्र

"तारीख बघ आधी," देसा म्हणाली. "मागे शेजारच्या मिलेवाबाईला दिला त्या डब्याची तारीख नाताळच्या आधीच संपलेली होती. तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

वितोमिरने चॉकलेटचा डबा उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे बारीक करून वाचलं. ऑगस्टपर्यंत चालणार होता. तो कुणी दिला होता हे मात्र दोघांनाही आठवेना. सर्बियातल्या या झायेचार गावात असले डबे कुणी फोडून खात नाही. दातांच्या डॉक्टरकडून मास्तरणीकडे, मास्तरणीकडून नगरपालिकेतल्या कारकुनाकडे असे ते फिरत राहतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी आपल्याच दारात परत येतात.

पिशवीत डबा गेला, पाव किलो कॉफीचं पाकीट गेलं, आणि भावाने घरी गाळलेल्या आलुबुखारच्या दारूची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून गेली.

"कालिनाला कळलं तर?" देसाने विचारलं.

"कोण सांगणार? तू?"

"मी कशाला सांगू! पण पोरीनं बजावलंय. माझ्यासाठी कुणाकडे जायचं नाही म्हणून."

"तिला काय कळतंय. बावीस वर्षांची पोर. जग पुस्तकात वाचलंय तिनं."

वितोमिरने जग पुस्तकात वाचलं नव्हतं, वहीत लिहिलं होतं. नगरपालिकेच्या दारावर रखवालदारी करण्यात त्याचा जन्म गेला होता. आत जाणाऱ्याचं नाव, कुणाला भेटायचंय, कशासाठी, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. नवीन नगराध्यक्ष पहिल्या दिवशी आला तेव्हा त्यालाही याने "साहेब, नाव?" म्हणून अडवलं होतं, आणि साहेबाने मुकाट्याने सांगितलं होतं. त्या खुर्चीवरून त्याने एक गोष्ट पाहून ठेवली होती. जे फाईल घेऊन आत जातात ते फाईल घेऊनच बाहेर येतात, आणि जे पिशवी घेऊन जातात ते हात हलवत, हसत बाहेर येतात. त्याला स्वतःला तरी ती खुर्ची कशी मिळाली होती? सासऱ्याने मुख्य कारकुनाच्या पोराला बाप्तिस्म्याला हातांवर धरलं होतं, त्याचा धर्मपिता झाला होता, म्हणून. वशिला हा शब्द त्याला कधी वाईट वाटलाच नाही.

कालिना नीश शहरात कॉलेजला, रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिथल्या एका परदेशी मालकाच्या कंपनीत, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, एक जागा निघाली होती. सहा महिने शिकाऊ आणि मग कायम. मागच्या रविवारी ती घरी आली होती, तेव्हा घेवड्याचं कालवण गार होईपर्यंत ती त्या जागेसाठी लिहिलेल्या पत्राबद्दलच बोलत होती.

"अर्जासोबत पत्र जोडायचं असतं, बाबा. त्यात मी किती हुशार हे नाही लिहायचं. त्यांना काय हवंय ते आधी, आणि त्यातलं मला काय येतं ते नंतर. एका पानात."

"एका पानात कोण नोकरी देतं?"

"आणि त्याआधी मी तिथल्या मुख्य बाईंना भेटले. मिरोस्लावाबाई. आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आल्या होत्या. मी चिठ्ठी पाठवली, अर्धा तास मागितला, आणि त्यांनी दिला."

वितोमिरचा चमचा थांबला. "शाब्बास! मग? जागा मागितलीस?"

"छे! जागा नाही मागायची. त्यांचं काम कसं चालतं ते विचारायचं, ऐकायचं. आणि दोन दिवसांनी आभार कळवायचे."

"आभार कसले? तिनं दिलं काय?"

"वेळ दिला की."

"आणि तू काय नेलंस?"

"वही नेली. लिहून घ्यायला."

वितोमिरने बायकोकडे पाहिलं. पोर रिकाम्या हाताने एका मोठ्या बाईच्या दारात जाऊन आली होती, आणि वर कौतुकाने सांगत होती. त्याला तिची दया आली आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

"हे नाही झालं," कालिना ताट उचलता उचलता म्हणाली होती, "तर मी ऑस्ट्रियात ग्राझला मावशीकडे जाते. तिथे म्हाताऱ्यांना सांभाळायला माणसं लागतातच. मला आता इथे कुणाच्या तरी ओळखीनं चिकटायचं नाही. हात जोडते बाबा, तू मध्ये पडू नकोस." ती दमलेली दिसत होती. सहा महिन्यांत तिने पंधरा ठिकाणी लिहिलं होतं, आणि तेरा ठिकाणांहून साधं नाहीसुद्धा आलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर वितोमिरला ग्राझशिवाय काही सुचेना. चार वर्षं शिकलेली पोर परक्या म्हाताऱ्यांची अंगं पुसणार. गुरुवारी त्याने रजा टाकली आणि सकाळची बस धरली.

नीशमधल्या त्या कंपनीच्या फाटकावर चेदोमिर नावाचा रखवालदार होता. चाळिशीचा, गालावर दोन दिवसांची दाढी, पुढ्यात कॉफीचा पेला. त्याने बाईंचं नाव ऐकलं, पाहुण्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"मिरोस्लावाबाई ना? फोन करतो, खाली येतील. त्या खोलीत बसा. वही राहू द्या, काका."

"राहू द्या कशी? मीसुद्धा दारावरचाच माणूस आहे."

"कुठले?"

"झायेचार नगरपालिका."

"मग तर राहूच द्या!" चेदोमिर हसला.

पण नोंद न करता उंबरा ओलांडणं वितोमिरला जमणारं नव्हतं. त्याने वही स्वतःकडे ओढली आणि गोलसर अक्षरात लिहिलं: वितोमिर स्तोयकोविच, मिरोस्लावाबाईंकडे, मुलीच्या नोकरीसंबंधी, अकरा चाळीस. 'खाजगी' असं लिहिता आलं असतं. पण 'खाजगी' लिहिणाऱ्यांचा त्याला पहिल्यापासून तिटकारा होता.

मिरोस्लावाबाई पांढऱ्या कोटातच खाली आल्या. पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं. त्यांनी नाव ऐकलं आणि त्या दारातच थांबल्या.

"तुम्ही कालिनाचे वडील."

"हो बाई. येता येता म्हटलं भेटून जावं. आमच्याकडचं थोडं काही..." त्याने पिशवी टेबलावर ठेवली.

बाई पिशवीकडे बघतच राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "मी तिला पहिल्या नंबरवर टाकलं होतं. काल. उद्या आम्ही कळवणार होतो."

"होतं म्हणजे?"

"आमच्याकडे नियम आहे. उमेदवारासाठी कुणी शब्द टाकायला आलं, की त्याचं नाव कमी. भांडून मीच आणवलाय तो. माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि कसं आलं होतं, ते तुम्हाला सांगायला नको."

वितोमिर दाराकडे वळला. "बाई, तुम्ही मला पाहिलंच नाही. हा मी चाललो."

"मी नसेन पाहिलं. वहीत लिहिलंत?"

वितोमिरने फाटकाच्या दिशेने पाहिलं.

"लिहिलं असणारच," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातातल्या फाईलमध्ये पत्र होतं. त्यांनी ते काढलं आणि मधूनच वाचलं. "'माझे वडील एकतीस वर्षं नगरपालिकेच्या दारावर बसत आहेत. आत जाणारा लहान असो की मोठा, त्यांनी कुणाचं नाव गाळलं नाही, आणि न आलेल्याचं घातलं नाही. यंत्र दाखवेल तेच लिहायचं, हे मी प्रयोगशाळेत शिकले नाही, घरी शिकले.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "चाळीस पत्रं आली. सगळे मेहनती, सगळे जिद्दी. हे वाचलं आणि मी बाकीची बाजूला सारली. फार वाईट वाटतंय मला, स्तोयकोविच. पण उद्या ती वही वर साहेबांकडे जाते."

पिशवी त्यांनी स्वतःच उचलून त्याच्या हातात दिली.

फाटकाशी चेदोमिरने त्याचा चेहरा पाहिला. "काय हो काका, तोंड उतरलं?"

वितोमिरने दोन वाक्यांत सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण एवढं मोठं ओझं एकट्याने बसपर्यंत नेववत नव्हतं.

"एवढंच ना?" चेदोमिरने पेला उचलून उघड्या वहीवर कलता धरला. "कॉफी सांडली. आठवड्यातून एकदा सांडतेच. आपण एकाच धंद्यातले, काका. नुसतं हो म्हणा."

वितोमिर त्या पेल्याकडे पाहत उभा राहिला. त्याला हो म्हणायचं होतं. उभ्या जन्मात कशाला एवढं मनापासून हो म्हणावंसं वाटलं नव्हतं. एक घोट कॉफी, आणि पोर नीशमध्ये राहील, पांढरा कोट घालेल, रविवारी घरी जेवायला येईल. बाईंच्या तोंडून ऐकलेली वाक्यं मात्र डोक्यातून जाईनात.

"नको," तो म्हणाला.

"अहो, का पण?"

"बाहेर पडल्याची वेळ लिहायची राहिलीय." त्याने पेला हळूच बाजूला केला आणि आपल्या नावापुढे लिहिलं, बारा दहा.

कालिना वसतिगृहाच्या खोलीत एकटीच होती. बाबाला दारात पाहून तिला आधी भीती वाटली, आईला काही झालं की काय. मग पिशवी दिसली. वितोमिरने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही न गाळता.

"डबापण नेला होतास?"

"हो."

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "हात जोडून सांगितलं होतं रे तुला. अकरा वेळा लिहिलं मी ते पत्र. पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्यामुळे घेत होतं, आणि तू आलास पिशवी घेऊन."

"चुकलो मी."

"चुकलो म्हणे!"

तिथला रखवालदार कॉफी सांडायला तयार होता, हेही त्याने सांगून टाकलं. कालिना ताडकन उठली. "मग सांडू द्यायची! एकदा! एवढ्या वर्षांत एकदा!"

"तुझं पत्र खोटं झालं असतं," वितोमिर म्हणाला.

तिने टॉवेल ओढून घेतला. मग बाहेर गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. परत आली ती तोंड धुऊन, केस बांधून.

"नोवी साद शहराच्या पाणीपुरवठा कंपनीत एक जागा आहे," ती म्हणाली. "अर्जाची शेवटची तारीख आजच. सरक जरा, मला टेबल लागेल."

तो पलंगाच्या कडेला सरकून बसला. तिने संगणक उघडला. कंपनीचं नाव खोडलं, दुसरं घातलं. पहिला परिच्छेद पुसून नव्याने लिहिला. दुसऱ्याशी येऊन ती थांबली, तेव्हा वितोमिरने पडद्यावर आपली नगरपालिका ओळखली.

"ते काढून टाक आता," तो हळू आवाजात म्हणाला.

"राहू दे. वाक्य चांगलं आहे." तिचा आवाज सपाट होता, दमलेला. राग होता की नव्हता, त्याला कळेना. "एकतीसच ना? की बत्तीस झाली?"

"बत्तीस मार्चमध्ये होतील."

"मग एकतीसच," कालिना म्हणाली आणि पुढे लिहू लागली.